गुणवंतांची परीक्षा आणि तिची भाषा : इंग्लंडमधील प्रगत विज्ञान-परीक्षांच्या निमित्ताने

१

शालेय शिक्षणाच्या अखेरच्या पायरीवरील जे विद्यार्थी विज्ञानात विशेष गती दाखवितात, त्यांची परीक्षा कशी घ्यावी हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राचा मानला जातो. तो तसा आहेही. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर प्रारंभीच दिलेले बरे. परीक्षेतील प्रश्न हा भाषेचा व्यवहार आहे, उत्तर हाही भाषेचाच व्यवहार आहे, आणि परीक्षेअंती विद्यार्थ्याच्या हाती पडणारी श्रेणी हे एक चिन्ह आहे. चिन्हाला अर्थ प्राप्त होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, ते इतर चिन्हांहून वेगळे असले पाहिजे; दुसरी, ते वाचणारा कोणीतरी असला पाहिजे. या दोहोंपैकी एकीचा लोप झाला की चिन्ह कागदावर राहते, पण बोलत नाही.

इंग्लंड व वेल्स येथे गेल्या सुमारे शंभर वर्षांत गुणवंत विद्यार्थ्यांसाठी ज्या प्रगत परीक्षा योजल्या गेल्या, त्यांचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. त्या वारंवार निर्माण झाल्या आणि वारंवार मावळल्या. त्या का मावळल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आणि त्या विचारातून मराठीपुरता काही बोध निघतो का, हे शेवटी पाहावयाचे आहे.

२

प्रथम इतिहासाची रूपरेषा. १९१८ पासून इंग्लंडमध्ये दोन शालेय परीक्षा होत्या : सुमारे सोळाव्या वर्षी द्यावयाची स्कूल सर्टिफिकेट आणि सुमारे अठराव्या वर्षी द्यावयाची हायर स्कूल सर्टिफिकेट. (आपल्याकडील बारावीच्या परीक्षेशी या दुसरीचे नामसादृश्य आहे, एवढेच.) हायर सर्टिफिकेटमध्ये विषयांचा गट घ्यावा लागे. १९५१ मध्ये ही पद्धती जाऊन तिच्या जागी जनरल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन आले आणि अठराव्या वर्षीची परीक्षा 'ए-लेव्हल' या नावाने विषयवार होऊ लागली. त्याच वेळी विशेष बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी एक जादा प्रश्नपत्रिका ठेवण्यात आली. तिला 'स्कॉलरशिप लेव्हल' आणि पुढे 'स्पेशल लेव्हल' म्हणत; विद्यार्थ्यांच्या तोंडी ती 'एस-पेपर' होती.

एस-पेपरचे वैशिष्ट्य असे की त्याला वेगळा अभ्यासक्रम म्हणून फारसा नव्हता. ए-लेव्हलसाठी जे भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्र शिकविले जाई, त्याच्याच आधारे अधिक कठीण प्रश्न विचारले जात. प्रारंभी या पत्रिकेला एक निश्चित वाचक होता, तो म्हणजे शासन. १९२० पासून इंग्लंडमध्ये 'स्टेट स्कॉलरशिप' नावाच्या शिष्यवृत्त्या दिल्या जात, आणि विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या गरीब घरच्या हुशार मुलाला त्यांचा मोठा आधार असे. एस-पेपरमधील यश हे त्या शिष्यवृत्तीकडे जाण्याचे द्वार होते. मात्र १९६० मध्ये अँडरसन समितीने विद्यार्थ्यांच्या अनुदानाविषयी अहवाल दिला, १९६२ मध्ये शिक्षणविषयक कायदा झाला, आणि विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांना स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांकडून अनुदान मिळू लागले. स्टेट स्कॉलरशिपची आवश्यकता संपली. समाजाच्या दृष्टीने हा बदल अत्यंत इष्ट होता, यात संशय नाही. पण एस-पेपरचा मुख्य वाचक त्याबरोबर गेला. पत्रिका पुढे जवळजवळ चाळीस वर्षे चालू राहिली आणि २००१ नंतर बंद झाली.

३

मध्यंतरी ए-लेव्हलच्या श्रेणींतच एक मोठे स्थित्यंतर घडून आले. १९६३ मध्ये असे मार्गदर्शक प्रमाण ठरविण्यात आले होते की, कोणत्याही विषयात बसलेल्या शंभरांपैकी सुमारे १० विद्यार्थ्यांना 'ए' श्रेणी द्यावी, पुढच्या १५ जणांना 'बी', त्यापुढील १० जणांना 'सी', आणि असेच खाली. म्हणजे त्या काळी 'ए' या अक्षराचा अर्थ 'शंभरांतील पहिल्या दहांपैकी एक' असा होता. विद्यार्थ्याला किती येते हे ते अक्षर सांगत नसे. इतरांच्या तुलनेत तो कोठे उभा आहे, एवढेच सांगे.

ही पद्धती अन्यायाची होती, कारण संपूर्ण वर्ग चांगला तयार झाला तरी श्रेणींचे प्रमाण बदलावयाचे नाही. म्हणून १९८७ पासून प्रमाणाचे हे बंधन सैल करण्यात आले आणि विद्यार्थ्याच्या कामगिरीची प्रत पाहून श्रेणी देण्याकडे कल झाला. परिणाम काय झाला, हे आकड्यांवरून दिसते. १९८२ मध्ये 'ए' मिळालेल्या उत्तरपत्रिकांचे प्रमाण शेकडा ९ च्या आसपास होते. २००९ मध्ये ते शेकडा २६ च्या वर गेले. शिक्षण सुधारले म्हणून हे घडले की परीक्षा सोपी झाली म्हणून, यावर तेथे दीर्घकाळ वाद झाला. त्या वादात शिरण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच की, चिन्हाचा भेद पुसट झाला.

सोस्यूरने दाखवून दिल्याप्रमाणे भाषेतील चिन्हाचे मूल्य त्याच्या ठायी स्वतंत्रपणे नसते. इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून ते उत्पन्न होते. मराठीत 'जरा' हा शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो. दन्त्य 'ज' असता त्याचा अर्थ 'थोडे' होतो, तालव्य असता 'वार्धक्य'. बोलणाऱ्याने हा भेद करणे सोडले तर दोन्ही शब्द राहतील, परंतु कानाला ते एकच होतील आणि अर्थाचा भार संदर्भावर पडेल. 'ए' श्रेणीचे असेच झाले. उत्तम आणि असामान्य यांना एकच अक्षर मिळू लागल्यावर विद्यापीठांना ते अक्षर पुरेना, आणि ती संदर्भाकडे वळली : मुलाखत, शाळेचे शिफारसपत्र, विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेले निवेदन. ज्या घरात आणि ज्या शाळेत ही कला पिढ्यान्पिढ्या अवगत आहे, तेथील विद्यार्थ्याला संदर्भ अनुकूल असतो. खाणकामगाराच्या मुलीजवळ सांगण्यासारखे तेवढेच असले, तरी ते कसे सांगावे हे तिला कोणी शिकविलेले नसते. चिन्ह दुबळे झाले की त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

४

या परिस्थितीवर उपाय म्हणून २००२ मध्ये 'ॲडव्हान्स्ड एक्स्टेन्शन अवॉर्ड' नावाची परीक्षा सुरू झाली. पुढील विवेचनात तिला 'विस्तार-परीक्षा' म्हणू. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांबरोबरच इतिहास, इंग्रजी, लॅटिन इत्यादी विषयांतही ती होती. प्रत्येक विषयातील वरच्या शेकडा १० विद्यार्थ्यांसाठी ती योजलेली होती, आणि 'डिस्टिंक्शन' व 'मेरिट' अशा दोनच श्रेणी तिच्यात होत्या. तिच्यासाठी ए-लेव्हलपलीकडचे काहीही शिकण्याची आवश्यकता नाही, हे तिचे मूलतत्त्व होते. ते अतिशय विचारपूर्वक ठरविलेले होते. जादा अभ्यासक्रम ठेवला की जादा तास घेण्याची ऐपत असलेल्या शाळांचाच त्यात लाभ होतो. ज्ञान तेच ठेवून विचाराची खोली तेवढी पाहिली, तर लहान गावातील शाळेच्या विद्यार्थ्यालाही समान संधी मिळेल, अशी त्यामागची भूमिका होती.

परंतु ज्ञान तेच ठेवून परीक्षा कठीण करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे? हा प्रश्न वरवर पाहता विज्ञानाचा, पण तत्त्वतः भाषेचा आहे. प्रस्तुत लेखकाने रचलेल्या एका उदाहरणाने तो स्पष्ट होईल.

विहिरीत दगड सोडला आणि पाण्यावर आदळल्याचा आवाज ३ सेकंदांनी ऐकू आला, असे समजा. नेहमीच्या परीक्षेत यावर पुढीलप्रमाणे प्रश्न येईल : (क) मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूने काटलेल्या अंतराचे सूत्र लिहा. (ख) त्यावरून विहिरीची खोली काढा. (ग) ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून खोलीचे सुधारित मूल्य काढा. विद्यार्थी पायरीमागून पायरी चढत जातो. पहिले उत्तर सुमारे ४४ मीटर येते, दुसरे सुमारे ४१ मीटर.

प्रगत परीक्षेत हाच प्रश्न असा विचारता येईल : 'विहिरीत सोडलेल्या दगडाचा आवाज ३ सेकंदांनी ऐकू आला. केवळ एवढ्यावरून विहिरीची खोली कितपत विश्वासाने सांगता येईल? विहीर अधिक खोल असती, तर तुमचा विश्वास वाढला असता की कमी झाला असता?' येथे एकही नवे सूत्र लागत नाही. मात्र काय विचारात घ्यावे आणि काय सोडून द्यावे, हा निर्णय पहिल्या प्रश्नात परीक्षकाने घेतलेला होता. तो आता विद्यार्थ्यावर सोपविलेला आहे. तीन सेकंदांत दोन काळ सामावलेले आहेत, एक दगडाच्या पडण्याचा आणि दुसरा आवाज वर येण्याचा, हे त्यानेच ओळखावयाचे आहे. दुसरा काळ वगळल्यास खोली शेकडा ८ ते ९ ने जास्त येते. विहीर जितकी खोल तितका पडत्या दगडाचा सरासरी वेग ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत मोठा होत जातो, आणि म्हणून ही चूक प्रमाणानेही वाढते, हे त्याने सांगावयाचे आहे. हवेचा अवरोध वगळला असेल तर तो का वगळला, हेही सांगितले पाहिजे. आणि घड्याळ दाबताना हाताला झालेला उशीर कितपत मोजावा, हेही.

दोन्ही प्रश्नांची तुलना केल्यास असे दिसून येईल की, दुसऱ्यात प्रश्नाची वाक्ये कमी झाली आहेत आणि उत्तराची वाढली आहेत. पहिल्या प्रकारात विचाराचा सांगाडा प्रश्नकर्त्याच्या भाषेत असतो आणि विद्यार्थी त्यातील रिकाम्या जागा भरतो. दुसऱ्यात सांगाडाच विद्यार्थ्याला आपल्या भाषेत उभा करावा लागतो. प्रगत परीक्षेची काठिण्यपातळी ज्ञानाच्या राशीत नसून वाक्यरचनेच्या या हस्तांतरात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

विस्तार-परीक्षेच्या योजकांना याची जाण होती, याला एक पुरावा देता येतो. गणिताच्या विस्तार-परीक्षेत १०० गुणांपैकी ७ गुण शैली, स्पष्टता आणि मांडणी यांसाठी राखून ठेवलेले आहेत. तीन तासांच्या या पत्रिकेत गणनयंत्र वापरण्यास परवानगी नाही, परंतु युक्तिवाद नीट लिहिण्याला मात्र गुण आहेत. गणितासारख्या विषयात लेखनाच्या सुस्पष्टतेला असे उघड स्थान मिळावे, हे भाषेच्या अभ्यासकाने आवर्जून नोंदविण्यासारखे आहे.

५

असे असूनही विस्तार-परीक्षा टिकली नाही. २००९ च्या उन्हाळ्यानंतर गणित वगळता सर्व विषयांतील ही परीक्षा बंद करण्यात आली. विज्ञानाच्या तिन्ही शाखांतील विस्तार-परीक्षांचे आयुष्य जेमतेम आठ वर्षांचे ठरले.

याची कारणे परीक्षेच्या गुणदोषांत फारशी नाहीत. ती तिच्या वाचकांत आहेत. सर्वच शाळा ही परीक्षा देऊ करीत नाहीत, तेव्हा प्रवेशासाठी तिची अट घालणे अन्यायाचे होईल, असे विद्यापीठांना वाटे. विद्यापीठे ती मागत नाहीत, तेव्हा तिच्यासाठी शिक्षकांचा वेळ का खर्चावा, असे शाळांना वाटे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य होते, आणि दोहोंच्या मध्ये परीक्षा सुकून गेली. प्रवेशासाठी गुणांकांची जी राष्ट्रीय तालिका त्या वेळी वापरीत, तिच्यात ए-लेव्हलच्या 'ए' श्रेणीला १२० गुणांक होते, तर विस्तार-परीक्षेतील डिस्टिंक्शनला ४०. एवढ्यासाठी आणखी तीन तास बसण्याचे धाडस कोणी करावे?

तिच्या जागी दोन उपाय आले. २०१० पासून ए-लेव्हलमध्येच 'ए-स्टार' अशी नवी श्रेणी सुरू झाली. त्या वर्षी सुमारे शेकडा ८ उत्तरपत्रिकांना ती मिळाली, म्हणजे १९६३ च्या 'ए'च्या जवळपास आपण पुन्हा आलो. परंतु हा भेद संख्येचा होता, प्रकाराचा नव्हता : त्याच प्रश्नांत अधिक गुण मिळविणे, एवढाच त्याचा अर्थ. नंतर २०२० व २०२१ मध्ये महासाथीमुळे परीक्षा रद्द झाल्या आणि श्रेणी अन्य मार्गांनी द्याव्या लागल्या, तेव्हा हा भेदही किती नाजूक आहे हे दिसून आले. २०२१ मध्ये ए-स्टारचे प्रमाण शेकडा १९ च्या वर गेले. दुसरा उपाय म्हणजे केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय परीक्षा-संस्थेने २००८ पासून शिकविण्यासाठी आणलेला 'प्री-यू' अभ्यासक्रम. त्यात नऊ श्रेणी होत्या आणि सर्वांत वरची श्रेणी ए-स्टारच्याही पलीकडची मानली जाई. दोन वर्षांच्या अभ्यासाअखेर एकत्र परीक्षा आणि दीर्घ उत्तरे हे त्याचे विशेष होते. तोही मर्यादित शाळांपुरता राहिला आणि २०२३ मध्ये त्याच्या परीक्षा संपल्या.

याच्या उलट एक परीक्षा टिकून राहिली. १९८७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने स्वतःची जुनी प्रवेश-परीक्षा सोडून 'स्टेप' नावाची परीक्षा सुरू केली. प्रारंभी ती अनेक विषयांत होती. आता ती केवळ गणितात आहे. तिच्यातील प्रश्न दीर्घ असतात, तीन तासांत केवळ सहा उत्तरे मोजली जातात, आणि अपुऱ्या दहा उत्तरांपेक्षा पूर्ण चार उत्तरे लिहिणारा विद्यार्थी अधिक यशस्वी होतो. ही परीक्षा विस्तार-परीक्षेहून सोपी नाही. पण तिचा निकाल वाचणारा ठरलेला आहे, कारण गणिताच्या विद्यार्थ्याला प्रवेश देताना केंब्रिज तिची अट घालते. विज्ञान व अभियांत्रिकीसाठी मात्र २०२४ पासून केंब्रिज आणि लंडनचे इम्पीरियल कॉलेज यांनी संयुक्तपणे जी चाचणी स्वीकारली, ती संगणकावर घेतली जाते आणि तिच्यात दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे असते. तिला वाचक आहेत. परंतु विद्यार्थ्याचे वाक्य तेथे उरलेले नाही.

सारांश, या शतकभराच्या इतिहासात दोन प्रकारच्या हानी दिसतात. जेथे विद्यार्थ्याने पूर्ण वाक्यांत विचार मांडावा अशी अपेक्षा होती, तेथे वाचक नाहीसा झाला. आणि जेथे वाचक राहिला, तेथे पुष्कळदा वाक्य नाहीसे झाले.

६

आपल्याकडील एका योजनेचा इतिहास याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ मध्ये दिल्लीपुरती आणि १९६४ पासून देशभर 'विज्ञान प्रतिभा शोध' योजना सुरू केली. ३५० शिष्यवृत्त्या होत्या, आणि त्या मूलभूत विज्ञानांच्या अभ्यासासाठीच होत्या. निवडीसाठी अभियोग्यता-चाचणीबरोबरच विज्ञानविषयक निबंध, विद्यार्थ्याने केलेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि मुलाखत, अशी चार अंगे होती. १९७६ मध्ये योजनेचे स्वरूप पालटले. शिष्यवृत्त्या ५०० झाल्या, विज्ञानाबाहेरील विषयांनाही त्यात स्थान मिळाले, निबंध व प्रकल्प जाऊन वस्तुनिष्ठ चाचण्या आल्या. आणि या चाचण्या संविधानाने मान्य केलेल्या कोणत्याही भाषेतून देण्याची मुभा मिळाली. ही योजनाही २०२१ पासून स्थगित आहे.

१९७६ चा हा बदल भाषाविज्ञानाच्या दृष्टीने विलक्षण आहे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला. परंतु ज्या क्षणी त्याच्या भाषेला दार उघडले, त्याच क्षणी त्या दारातून भाषा घेऊन आत जाण्याचे कारण उरले नाही. पर्यायावर खूण करण्यास मराठी वाचता आली की पुरते. मराठीत युक्तिवाद करता येण्याची आवश्यकता पडत नाही. मोठ्या संख्येचा आणि अनेक भाषांचा विचार करता असा निर्णय घेणे भाग पडले असावे, हे मान्य केलेच पाहिजे. इतक्या भाषांतील निबंध समान मापाने तपासणे सोपे नाही. तरीही काय मिळाले याबरोबर काय गेले, हेही मांडून ठेवणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

मराठीतून विज्ञान शिकविण्याचा प्रश्न निघाला की चर्चा लागलीच परिभाषेवर येते. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून परिभाषेचे मोठे कार्य झालेले आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. परंतु वरील विहिरीच्या प्रश्नाचे उत्तर मराठीत लिहून पाहावे. 'त्वरण' आणि 'अवरोध' एवढे दोन-तीन पारिभाषिक शब्द त्यात येतील. बाकी सर्व भार पडेल तो 'धरल्यास', 'वगळता', 'त्या मानाने', 'यावरून', 'तथापि' अशा शब्दांवर, आणि 'आवाज तत्क्षणी वर आला असता, तर खोली ४४ मीटर ठरली असती. परंतु तो तसा येत नाही' या प्रकारच्या संकेतार्थी वाक्यांवर. वैज्ञानिक विचाराचा कणा नामांत नाही, तो अव्ययांत आणि क्रियापदांच्या अर्थांत आहे. कोशातून तो शिकता येत नाही. लिहून, आणि कोणीतरी ते लिहिलेले वाचून परत दिल्यानेच तो येतो. बारावीला विज्ञान घेऊन पुढे भाषाविषयाकडे वळलेले विद्यार्थी आमच्या वर्गांत असतात. त्यांना सूत्रे आठवतात, संज्ञाही आठवतात; अडखळतात ते 'म्हणून' आणि 'तरी' यांच्यापाशी.

मुंबईतील विज्ञान-अध्यापकांच्या मंडळाने १९८१ पासून चालविलेल्या डॉ. होमी भाभा बाल वैज्ञानिक स्पर्धेत लेखी चाचणीनंतर प्रात्यक्षिक, कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत, असे टप्पे आहेत, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनाही ती खुली आहे. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेली ही स्पर्धा अठराव्या वर्षीच्या प्रगत परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. परंतु मुलाने केलेले काम मुलाच्याच तोंडून ऐकावयाचे आणि त्यासाठी जाणता श्रोता समोर बसवावयाचा, हे तत्त्व तिने सांभाळलेले आहे.

इंग्लंडच्या अनुभवावरून आपण घ्यावयाचा बोध बहुधा हाच आहे. गुणवंतांसाठी वेगळी परीक्षा काढणे अवघड नाही. नवे नाव आणि नवी श्रेणी कोणासही सुचेल. अवघड आहे ते तिच्यातील उत्तर वाचणारा मनुष्य आणि तिचा निकाल मानणारी संस्था, या दोहोंची आधी तजवीज करणे. मराठीत अशी परीक्षा कधी काळी व्हावयाची असेल, तर तिचे परीक्षक घडविण्याचे काम विज्ञान-विभागांइतकेच आपल्या विभागांचेही आहे.